तळहाताचे वजन

समितीपुढे एकूण अकरा सुधारणा होत्या. सैन्याची नेहमीची रायफल गेली चार दशके शिपायांच्या दोन पिढ्यांच्या खांद्यांवरून फिरली होती, आणि तिच्यात आता काय बदलावे याचा विचार आरेखन विभागात दोन वर्षे चालला होता. दस्त्याची लांबी ज्याच्या त्याच्या बाहूप्रमाणे कमीजास्त करता यावी, नेम धरण्याचे छिद्र थोडे मोठे असावे, पट्ट्याच्या कड्या चालताना वाजू नयेत, अशा त्या सूचना. त्यांतली सातवी सूचना मॅगझीनच्या खटक्याची होती. काडतुसांची लोखंडी पेटी बंदुकीच्या पोटाखाली जिथे बसते, तिथे तिला धरून ठेवणारा हा अंगठ्याएवढा तुकडा. जुना खटका इतका अरुंद होता की हातमोजे घातलेल्या बोटांना तो सापडत नसे. नवा खटका रुंद होता, त्याच्यावर बारीक खाचा होत्या, आणि पेटी बसली की तो असा खणखणीत वाजे की ऐकणाऱ्याच्या मनाचे समाधान व्हावे.

हा खटका उस्तादांच्या सुनेने आखला होता, आणि त्याची परीक्षा उस्तादांनी केली होती.

परक्याला यात काही वावगे वाटले असते. परंतु कारखान्याच्या त्या वसाहतीत दर तिसरा माणूस कोणाचा तरी सासरा, मेहुणा नाहीतर साडू होता, आणि उस्तादांच्या सचोटीविषयी कोणाच्याही मनात किंतु नव्हता. समितीचे अध्यक्ष निवृत्त कर्नल होते. ते चारचौघांत म्हणत, "उस्ताद सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतील एक वेळ, पण बंदुकीला खोटं प्रमाणपत्र देणार नाहीत."

"स्वयंपाक मी करतच नाही, साहेब," सूनबाई उत्तर देई. "ते खातं आईंचं आहे."

एकतीस वर्षे उस्ताद चाचणीच्या मैदानावर शस्त्रपरीक्षक होते. त्यांचे खरे नाव पगाराच्या कागदावर तेवढे उरले होते. त्यांच्या हाती आलेली बंदूक गाईसारखी वागते, अशी त्यांची ख्याती. शस्त्र हातात घेण्यापूर्वी ते हात धूत, कोरडे करीत, मग ते दोन्ही हातांनी असे उचलीत की जणू कोणी ते त्यांना विश्वासाने सोपवले आहे. नव्या खटक्यावर त्यांनी सहा हजार गोळ्या झाडल्या. थंडीत झाडल्या, धुळीत झाडल्या, पेटी पाण्यातून काढून झाडल्या. एकदाही खोट आढळली नाही. गुरुवारी समितीची शेवटची बैठक, त्यांची सही, अध्यक्षांचा शिक्का, आणि मग तो खटका लाखो बंदुकांत जाणार होता.

बुधवारी सकाळी सीमेवरच्या एका तुकडीतून एक हवालदार आला. नियमच होता तसा: शिक्का उमटण्यापूर्वी सेवेतील एका सैनिकाने ते शस्त्र परीक्षकासमक्ष चालवून पाहावे. पंगत उठल्यावर वाढप्याला बोलवावे, तितकेच या नियमाचे महत्त्व उरले होते. हवालदार उन्हाने रापलेला, मितभाषी माणूस. त्याने मोजे चढवले, पेटी लावली. खटका खणखणला. तीन गोळ्या निशाणाच्या दिशेने गेल्या, आणि चौथीच्या आधी पेटी सुटून त्याच्या बुटावर पडली.

मैदानावर हशा पिकला. कारखान्याचा भांडारपाल कमरेला दहा दारांच्या किल्ल्या बाळगी, म्हणून सगळे त्याला कुलूप म्हणत. तो ओरडला, "हवालदार, बघा, अजून काही पडलंय का खाली! पगारबिगार?"

"नीट बसली नसेल," उस्ताद म्हणाले. "द्या इकडे."

त्यांनी पेटी उचलली, फुंकर घालून धूळ उडवली, पुरती भरली, लावली आणि वीसच्या वीस गोळ्या झाडल्या. पेटी जागची हलली नाही. त्यांनी ती काढून, भरून पुन्हा लावली, पुन्हा वीस. तिसऱ्यांदाही तेच.

"बंदूक माणूस ओळखते, हवालदार," कुलूप म्हणाला.

हवालदाराने मोजे काढले आणि एकावर एक ठेवले. "साहेब, राग मानू नका. पण जुनीसुद्धा अशीच पडते. आम्ही तिला नाडी बांधतो."

ती नाडी उस्तादांच्या ओळखीची होती. दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या कित्येक बंदुकांच्या पेटीभोवती बुटाची नाडी करकचून गुंडाळलेली असे. उस्ताद ती कात्रीने कापीत, बंदूक स्वतः चालवून पाहत, आणि तक्रारीच्या कागदाखाली सुवाच्य अक्षरांत लिहीत: दोष आढळला नाही, वापरणाऱ्याची चूक.

"शस्त्राला नाडी?" ते म्हणाले. "वरचे कोणी ओरडत नाहीत?"

"ओरडतात ना. नाडी बांधली तर ओरडतात, आणि पेटी पडली तर कोठडी. आमच्यातल्या एकाला चौदा दिवस बसवलं. शस्त्राची हेळसांड म्हणून." हवालदाराच्या आवाजात राग नव्हता, तो हवापाण्याविषयी बोलावे तसा बोलत होता. "इथला कागद आला होता, चूक वापरणाऱ्याची आहे म्हणून."

कुलपाने किल्ल्या उगाच वाजवल्या. कोणी हसले नाही.

त्या दिवशी उस्तादांच्या पायाला भिंगरी लागली. दुपारी त्यांनी तीच बंदूक आणखी चाळीस वेळा भरली. हवालदाराचे मोजे मागून घेऊन भरली. उभ्याने, पालथ्याने, डोळे मिटून भरली. पेटी आपली पतिव्रतेसारखी जागेवर. मग ते आरेखन विभागाच्या जिन्यापर्यंत गेले, तीन पायऱ्या चढले आणि माघारी फिरले. सुनेला सांगायचे तरी काय? एकदा पडली, म्हणून? सहा हजारांत एकदा, आणि तीही दुसऱ्याच्या हातून?

घरीही त्यांना चैन पडेना. मुलगा बोटीवर नोकरीला. त्याच्याशी सूनबाई आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. "उद्या बाबांची सही झाली ना," ती म्हणत होती, "की मी तीन दिवस झोपणार आहे. तू आलास तरी उठणार नाही." आणि ती हसली. गेल्या दोन वर्षांत ते हसणे इतके मोकळे कधी ऐकू आले नव्हते.

उस्ताद खुर्चीवरून उठले, कपाट उघडून त्यात काही नाही हे पाहिले, कपाट लावले. खिडकी लावली. साखरेचा डबा उघडून चिमूटभर तोंडात टाकली आणि झाकण लावले.

"अहो," त्यांची पत्नी कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "त्या डब्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"मी काय केलं?"

"झाकण लागलं की लागलं. वर आणखी दणका कशाला? कपाट लावलं, दणका. खिडकी लावली, दणका. आपण इथे नवीन राहायला आलो तेव्हा शेजारीण मला हळूच विचारत होती, रोज भांडता का हो दोघं म्हणून."

उस्ताद डब्यासमोर उभे राहिले. त्यांनी झाकण काढले आणि पुन्हा लावले, या वेळी स्वतःच्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावे तसे पाहत. झाकण बसले. आणि त्यांनी काही मनात आणण्याआधीच उजव्या तळहाताचा मनगटाजवळचा उंचवटा झाकणाच्या कडेवर आदळला.

एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवले होते: पेटी लावावी, आणि खालून एक ठोका द्यावा. गुरूंनी का म्हणून सांगितले नाही आणि शिष्याने विचारले नाही. विद्या अशीच घेण्याची तेव्हा रीत होती. पुढे तो ठोका मनातून उतरला आणि हातात शिरला. अभ्यास पूर्णत्वाला गेला की तो करणाऱ्याला दिसेनासा होतो. जिभेला जशी स्वतःची चव नसते, तसा उस्तादांना स्वतःचा ठोका ठाऊक नव्हता. सहा हजार गोळ्यांच्या प्रत्येक पेटीला तो मिळाला होता. जुन्या बंदुकांतल्या, नाडी कापलेल्या प्रत्येक पेटीलाही.

"काय झालं?" पत्नीने विचारले. "पांढरे पडलात."

"काही नाही," ते म्हणाले, आणि हात पाठीमागे घेतला.

ती रात्र त्यांनी कशी काढली हे सांगण्यात अर्थ नाही. काढली, एवढे खरे. सकाळी चहाच्या वेळी सूनबाई समोर बसली होती. तिने त्यांचा सदरा इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता. "आज फोटो काढतील," ती म्हणाली. उस्तादांनी तोंड उघडले, चहाचा घोट घेतला आणि सदरा चढवून सर्वांच्या आधी बाहेर पडले. पक्के कळल्याशिवाय बोलू नये, असे त्यांनी स्वतःला सांगितले. ते खरेही होते. पण त्या खरेपणाच्या आडोशाला भीती बसली होती, हेही त्यांना दिसत होते.

कुलूप भांडाराचे पहिले दार उघडत होता.

"जरा मैदानावर या," उस्ताद म्हणाले. "नकली काडतुसं घ्या बरोबर. बंदूक तुम्हाला भरायची आहे."

"मला? उस्ताद, मी आयुष्यभर बंदुका मोजल्या. भरली एकही नाही."

"म्हणूनच."

वीस वेळा कुलपाने पेटी लावली. खटका दर वेळी मनमोकळा वाजला. दर वेळी उस्तादांनी बंदूक चौकटीत अडकवून, गोळी सुटताना बसतो तितका हिसका दिला. सात वेळा पेटी सुटून पडली.

"माझं काही चुकतंय का?" कुलूप दर खेपेला विचारी.

"नाही हो. लावायची तशीच लावताय."

एकविसाव्या वेळी त्यांनी हिसका दिला नाही. भिंग घेऊन ते गुडघ्यावर बसले आणि आत पाहिले. खटक्याचा दात खाचेत उतरला नव्हता. खाचेच्या ओठावर टेकून राहिला होता, अर्ध्या तांदळाएवढा वर. जुन्या खटक्याचेही हेच, फक्त तो असा ओरडत नसे. नवा मात्र अर्धवट बसला तरी पूर्ण बसल्याची ग्वाही देत होता. उस्तादांनी खालून तळहात लावला, हलकेच ठोकले. दात खाली उतरला. आवाजसुद्धा झाला नाही.

"उस्ताद," कुलूप हळू आवाजात म्हणाला, "हे मी पाहिलं नाही असं समजा. सूनबाईंना खाजगीत सांगा, त्या गुपचूप दुरुस्त करतील. तुमची चार महिन्यांनी निवृत्ती. कशाला अंगाशी?"

"सही आज आहे."

बैठकीच्या खोलीत सूनबाई आरेखने टाचत होती. अजून दहा मिनिटे होती. तेवढ्यात तिला बाजूला बोलावता आले असते. उस्ताद दारापर्यंत गेले, तिची पाठ पाहिली, आणि हात धुवायला वळले. ते हात धूतच राहिले. पुसून परत येईपर्यंत कर्नलसाहेब खुर्चीवर बसले होते.

पहिल्या सहा सुधारणा भराभर मंजूर झाल्या. सातवी आली. सूनबाईने दोन वाक्यांत खटका समजावला आणि ती बसली. कागद फिरत उस्तादांसमोर आला, त्याच्याबरोबर पेन.

"मी सही करू शकत नाही," उस्ताद म्हणाले. "चाचणी खोटी आहे. दोष माझ्या हातानं झाकला."

आणि त्यांनी उभे राहून सारे सांगितले: ठोका, हवालदार, कुलूप, विसांत सात. सुनेकडे त्यांनी पाहिले नाही.

"काहीतरीच," कर्नलसाहेब म्हणाले. "आणा ती बंदूक." नकली काडतुसांची पेटी त्यांनी स्वतः लावली आणि बंदूक टेबलाच्या कडेवर आपटली. पेटी पक्की. "हे बघा! मी काय परीक्षक आहे?"

"साहेब, तुम्हीही ठोका दिलात."

"मी?"

"दिलात, साहेब," टिपणे घेणारी लेखनिक बाई कागदावरून मान वर न करता म्हणाली. "मी ऐकला."

कर्नलसाहेबांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिले. टेबलाभोवती ज्यांनी ज्यांनी जुन्या काळी शस्त्र हाताळले होते, त्यांनी पाळीपाळीने बंदूक घेतली. एकानेही ठोका द्यायचा नाही असे ठरवले, तरी दोघांचा हात घसरलाच. शेवटी लेखनिक बाईने वही बाजूला ठेवली, पेटी लावली, खटका वाजला, आणि बंदूक टेबलाला लागताच पेटी अध्यक्षांच्या पाण्याच्या पेल्यावर जाऊन पडली.

"मग आताचे शिपाई का ठोकत नाहीत?" कर्नलसाहेबांनी भिजलेले कागद उचलत विचारले.

दाराशी उभा असलेला हवालदार म्हणाला, "आम्हाला मनाई आहे, साहेब. चौकीवर आवाज करायचा नसतो. दाबून लावायची असते."

मग कर्नलसाहेबांनी लेखनिक बाईला हाताने थांबवले. "उस्ताद, अजून काही लिहिलेलं नाही. विचार करून बोला. या खटक्यावर सही करू नका, ते ठीक आहे. पण जुन्या बंदुकांबद्दल जे म्हणालात, ते कागदावर आलं तर एवढ्या वर्षांची तुमची प्रत्येक सही उकरून काढतील. लोक तुमच्या हाताची शपथ घेतात."

"घेऊ नये त्यांनी," उस्ताद म्हणाले. "आणि ज्याला चौदा दिवस बसवलं, त्याच्या तुकडीला पत्र जायला हवं. माझ्या सहीनं. लिहा बाई."

बाईने लिहिले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सूनबाईने भिंतीवरच्या टाचण्या एकेक करून काढल्या, आरेखनाची गुंडाळी केली आणि ती बाहेर गेली. दार तिने अगदी सावकाश लावले.

दुपारी तीनच्या सुमारास कुलूप निरोप घेऊन आला. "सूनबाईंनी कार्यशाळेत बोलावलंय. आणि तोंड बघण्यासारखं झालंय, तेव्हा जपून."

कार्यशाळेत बंदूक उलटी करून शिकंज्यात धरली होती. पेटीच्या बुडाला एक लहानसा दाबमापक जोडला होता, त्याची तबकडी सुनेच्या बाजूला. तिने वर पाहिले नाही.

"उस्ताद," ती म्हणाली. कारखान्यात ती त्यांना अशीच हाक मारी. पण आज तो शब्द कोरडा लागला. "तुमचा ठोका किती वजनाचा आहे ते मला हवंय. तेवढं काम स्प्रिंगकडून करून घेता येईल. खाचेचा ओठ उतरता करीन, आणि दात पूर्ण बसल्याशिवाय खटका वाजणार नाही. पण आकडा हवा. लावा पेटी."

उस्तादांनी पेटी लावली आणि ठोका दिला.

"चार किलो," ती म्हणाली. "पुन्हा."

"पंधरा. हा काय दणका झाला? पुन्हा."

"नऊ. बाबा, नेहमीसारखा द्या."

"नेहमीसारखा कसा असतो तेच मला ठाऊक नाही," ते म्हणाले. आता हात त्यांच्याकडे पाहत होता आणि ते हाताकडे. सात. तेरा. पाच. जे एकतीस वर्षे न मागता होत होते, ते आता आळवूनही येईना. त्यांनी पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलली, खोलीत एक फेरी मारली.

"विचार करू नका."

"ते काय बटण आहे का माझ्यापाशी?"

सूनबाईने पेन्सिल कानावर खोचली. मग ती एकाएकी म्हणाली, "तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत?"

उस्तादांचा हात पेटीवर थांबला.

"लावत राहा. हात थांबवू नका. सगळ्यांसमोर! दोन वर्षं मी त्या खटक्याशी झगडले. त्यात दोष निघाला, निघू दे, दोष काढण्यासाठीच परीक्षा असते. पण मला तिथे माझ्याच आरेखनांपुढे बसून, परक्यासारखं ऐकावं लागलं. घरात एका टेबलावर बसतो आपण."

"मला वाटलं, पक्कं झाल्यावर..."

"पक्कं सकाळी आठ वाजता झालं होतं. कुलूपकाकांनी सांगितलं मला. अकरा वाजेपर्यंत काय करत होतात?"

"हात धूत होतो," उस्ताद म्हणाले. "तुझ्यासमोर यायचं धैर्य झालं नाही. अनोळखी माणसांपुढे कबूल करणं सोपं गेलं. तू काल हसलीस, ते मी ऐकलं होतं."

पेटी लागली. खटका वाजला. ठोका पडला.

"अकरा," सूनबाई म्हणाली, आणि डोळे तबकडीवर ठेवूनच तिने कागदावर आकडा टिपला. तिच्या आवाजाची धार मात्र तशीच होती. "हसले म्हणून? म्हणजे मी हसू पण नको? आणि आईंना तरी सांगितलंत का? की त्यांनाही समितीत बोलावणार होतात?"

"तिनंच तर दाखवलं मला, तिला न कळता. साखरेच्या डब्यावर."

"अकरा," ती म्हणाली. "थांबू नका, माझं बोलणं संपलेलं नाही."

उस्तादांनी पेटी काढली आणि पुन्हा उचलली.